आधी पाय हलवा, मग ग्रिड बघा: फोटोची फ्रेम लावायला शिकताना

कॅमेरा हातात आला की पहिला धडा मिळतो तो रूल ऑफ थर्ड्सचा. आडव्या-उभ्या दोन-दोन रेघांच्या ग्रिडने स्क्रीनवर नऊ घरं दिसतात, सब्जेक्ट (ज्याचा फोटो काढायचा ती गोष्ट किंवा माणूस) रेघांच्या एका छेदबिंदूवर बसवला जातो, आणि तरीही फोटोत काहीतरी खटकत राहतं. कुणाच्या डोक्यातून खांब उगवलेला असतो, कोपऱ्यात अर्धा बूट असतो, क्षितिजाची रेघ नेमकी गळ्यातून गेलेली असते. ग्रिड यातलं काहीच सोडवत नाही. सब्जेक्ट फ्रेममध्ये कुठे ठेवायचा एवढंच ते सांगतं. कॅमेरा कुठे असावा, हे ठरवायचं काम पायांचं आणि गुडघ्यांचं. म्हणून इथे क्रम नेहमीपेक्षा वेगळा आहे: आधी सब्जेक्ट, मग बॅकग्राउंड, उंची, अंतर, कडा, आणि ग्रिड त्यानंतर.

थोडी जुळवाजुळव

ग्रिड शेवटी वापरायचं असलं तरी चालू आत्ताच करून ठेवा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग कॅमेरा, तिथे 'ग्रिड'; नव्या आवृत्त्यांत तिथेच फोन तिरका झाला तर दाखवणारं 'लेव्हल'ही आहे. अँड्रॉइडमध्ये कॅमेरा ॲपच्याच सेटिंग्जमध्ये 'ग्रिड लाइन्स' सापडतं. डीएसएलआर आणि मिररलेस या लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्यांत ते मेन्यूत असतं, नाव कंपनीगणिक बदलतं.

फोनवर फोटोचं प्रमाण ४:३ ठेवा. बहुतेक फोनच्या सेन्सरचं (प्रकाश टिपणाऱ्या चिपचं) मूळ प्रमाण तेच असतं. १६:९ निवडलं की फोटो जास्त रुंद येतो असं वाटतं, प्रत्यक्षात वरखालचा भाग कापला जातो: ४०००×३००० पिक्सेलचे ४०००×२२५० होतात, म्हणजे पाव फोटो गेला. कापायचंच असेल तर नंतर, बघून कापा.

चिमटीने झूम करू नका. फोनवर १ पट, २ पट, ३ पट अशी बटणं असतात, तिथेच थांबा. मधल्या आकड्यांवर फोन बहुधा क्रॉपच करत असतो, म्हणजे कडा कापून मधला भाग मोठा करतो. आणि लेन्स पुसा. बोटाचा तेलकट ठसा असला की उजेडाकडे तोंड करून काढलेल्या फोटोवर पांढुरका पडदा येतो आणि दिव्यांना शेपट्या फुटतात.

फोटो कशाचा, हे एका वाक्यात

शटर दाबण्याआधी हे वाक्य मनात तयार हवं. 'बाक' एवढं म्हणून भागत नाही. 'रिकाम्या बागेतला एकटा बाक' म्हटलं की पुढचे निर्णय आपोआप निघतात: बाक लहान दिसायला हवा, भोवती मोकळी जागा भरपूर हवी, माणसं नकोत. 'हात ठेवून ठेवून गुळगुळीत झालेली बाकाची कड' म्हटलं तर चार पावलं पुढे जायचं, बाग विसरायची आणि उजेड बाजूने येतोय का ते बघायचं. बाक एकच, फोटो दोन. वाक्यात 'आणि' आला, बाकही हवा आणि कारंजंही हवं, की बहुतेक वेळा दोन वेगळे फोटो काढणं बरं.

बॅकग्राउंड आधी, चेहरा नंतर

डोळा समोरच्या माणसावर असला की मागचा खांब मेंदू गाळून टाकतो. कॅमेरा गाळत नाही. म्हणून सवय अशी लावा: माणूस उभा केला की पहिले दोन सेकंद त्याच्याकडे बघूच नका, त्याच्या डोक्यामागे आणि खांद्यांमागे काय आहे ते बघा.

खांब डोक्यामागे आला तर माणसाला हलवायची गरज नसते. समजा माणूस तुमच्यापासून २ मीटरवर आहे आणि खांब त्याच्या मागे १० मीटरवर. तुम्ही ३० सेंटीमीटर उजवीकडे सरकलात, म्हणजे जेमतेम एक छोटं पाऊल, तर माणसाच्या तुलनेत मागचं दृश्य तब्बल दीड मीटर सरकतं. फ्रेममध्ये तो खांब डोक्याच्या मध्यापासून सुमारे पाव मीटर उजवीकडे दिसतो, म्हणजे खांद्याच्याही किंचित बाहेर. आणखी अर्धं पाऊल टाकलंत की नीट मोकळा होतो. माणूस जितका जवळ आणि खांब जितका लांब, तितकी ही सरकासरक स्वस्तात होते. उलट माणूस भिंतीला टेकून उभा असेल तर तुम्ही कितीही सरका, भिंतीवरचं स्विचबोर्ड त्याच्या कानाशीच राहणार. तेव्हा माणसालाच भिंतीपासून दोन-तीन मीटर पुढे आणा.

बॅकग्राउंड धूसर केलं की प्रश्न मिटला, असं समजणाऱ्यांची संख्या मोठी आहे. मिटत नाही. अपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र) उघडून तपशील पुसले जातात. आकार आणि उजळपणा तसेच राहतात. धूसर झालेला पांढरा खांब हा अजूनही डोक्यातून निघालेला पांढरा पट्टाच असतो. पोर्ट्रेट मोडचंही तेच, शिवाय तो केसांच्या आणि चष्म्याच्या कडा अधूनमधून खातो.

उंची: क्षितिज तुमच्या कॅमेऱ्याइतकंच उंच असतं

हे एकदा डोक्यात बसलं की समुद्रकिनाऱ्यावरचे आणि मैदानातले फोटो एकदम सुधारतात. सपाट जमिनीवर क्षितिजाची रेघ नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असते. कॅमेरा जमिनीपासून १.४ मीटरवर धरलात, तर समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाच्या अंगावरून ती रेघ १.४ मीटरवरूनच जाते, मग तो माणूस ३ मीटरवर असो की ३० मीटरवर. साधारण उंचीच्या माणसाचा गळा तिथेच असतो. त्यामुळे उभ्याउभ्या काढलेल्या फोटोत समुद्राची रेघ गळा कापत जाते आणि माणसाला मागेपुढे हलवून ती सुटत नाही.

उपाय दोनच. गुडघ्यावर बसून कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणा, रेघ कमरेवर येईल आणि डोकं, खांदे मोकळ्या आकाशावर उठून दिसतील. किंवा पायरीवर, कठड्यावर चढून कॅमेरा डोक्याच्या वर न्या, म्हणजे अख्खा माणूस पाण्याच्या किंवा वाळूच्या पार्श्वभूमीवर येईल. पहिला उपाय सोपा, आणि आकाश बरं असेल तर जास्त देखणा.

मुलं आणि प्राणी यांच्या बाबतीत खाली बसणं हाच नियम धरा. उभ्याने काढलेल्या फोटोत मूल म्हणजे मोठं डोकं आणि इवलेसे पाय, आणि मागे फक्त फरशी. लेन्स त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आली की मागची खोली किंवा झाडंही फ्रेममध्ये येतात.

इमारतीचं उलट आहे. तिथे उंचीपेक्षा कॅमेऱ्याचा कल त्रास देतो. कॅमेरा वर वाकवला की उभ्या रेषा वरच्या दिशेने एकमेकींकडे झुकतात आणि इमारत मागे पडतेय असं वाटतं. कॅमेरा सरळ उभा धरा, मागे जा, आणि खालची जास्तीची जमीन नंतर कापा. एडिटिंगमध्येही रेषा सरळ करता येतात, पण त्यात कडा जातात. तसं करायचं असेल तर चारही बाजूंनी जास्तीची जागा सोडून फोटो काढा.

अंतराने चेहरा बदलतो

लेन्समुळे चेहरा वेडावाकडा होतो, असं सर्रास म्हटलं जातं. खरं कारण अंतर. नाकाचं टोक कानांच्या साधारण १२ सेंटीमीटर पुढे असतं. फोन चेहऱ्यापासून ४० सेंटीमीटरवर धरला तर नाक ४० आणि कान ५२ सेंटीमीटरवर, म्हणजे कानांच्या प्रमाणात नाक ३० टक्के मोठं येतं. तोच फोन २ मीटरवर नेला की हा फरक ६ टक्क्यांवर येतो. मग चेहरा लहान दिसतो म्हणून २ पट किंवा ३ पट लेन्स लावायची. आधी मागे जायचं आणि मग झूम, हा क्रम महत्त्वाचा.

डोंगराचंही असंच. माणसामागचा डोंगर प्रत्यक्षात भव्य वाटतो आणि फोटोत टेकाड होतो. माणूस फ्रेममध्ये तेवढाच ठेवून तुम्ही दहा-पंधरा पावलं मागे जा आणि जास्त झूमची लेन्स लावा. तुम्ही मागे गेल्याने डोंगराच्या अंतरात नगण्य फरक पडतो, माणसाच्या अंतरात मात्र मोठा. त्यामुळे डोंगर त्याच्या तुलनेत वाढतो.

कडांवरून एक फेरी

शटर दाबण्याआधी फ्रेमच्या वरच्या डाव्या कोपऱ्यापासून डोळा कडेकडेने पूर्ण फिरवा. दोन सेकंद लागतात. शोधायचं काय? कडेला लागलेला उजळ ठिपका, अर्धी गाडी, कुठून आली ते न कळणारी फांदी. साध्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावून बघायच्या खिडकीत) बऱ्याचदा फ्रेमचा ९५ टक्केच भाग दिसतो. तिथे कडेला न दिसलेली गोष्ट फोटोत उगवते, म्हणून एकदा स्क्रीनवर तपासा.

माणूस कापायचा असेल तर सांध्यांवर कापू नका. घोटा, गुडघा, मनगट, कोपर इथे कड आली की अवयव तुटल्यासारखा वाटतो. मांडीच्या मध्यावर, छातीच्या मध्यावर, दंडाच्या मध्यावर कापा. बोटांची फक्त टोकं कापली जाणं सगळ्यात वाईट. ते चुकून झालंय हे लगेच कळतं.

याचंच भावंड म्हणजे स्पर्श. दोन माणसांचे खांदे जेमतेम टेकलेले, कळसाचं टोक फ्रेमच्या कडेला शिवलेलं, फुलाची पाकळी मागच्या खिडकीच्या चौकटीला लागलेली. अशा जागी नजर अडकते. एकतर स्पष्ट अंतर ठेवा, नाहीतर बेधडक एकमेकांवर येऊ द्या.

क्षितिज तिरकं असेल तर तेही आत्ताच सरळ करा. नंतर सरळ करता येतं, पण ते फुकट होत नाही: ३:२ प्रमाणाचा फोटो ३ अंश फिरवून प्रमाण तेच ठेवलं तर सुमारे १४ टक्के क्षेत्रफळ कापलं जातं. कडेला टेकून बसवलेला सब्जेक्ट त्यात हमखास बळी पडतो.

आता ग्रिड

'रूल ऑफ थर्ड्स' हे नाव फोटोग्राफीच्याही आधीचं आहे. इंग्रज चित्रकार जॉन थॉमस स्मिथ याने १७९७ साली निसर्गचित्रांबद्दल लिहिताना ते वापरलं. त्याचा भर प्रमाणावर होता: दृश्याचे दोन समान तुकडे करण्यापेक्षा एक आणि दोन असे भाग करावेत. छेदबिंदूंवर सब्जेक्ट ठेवण्याची आजची सवय त्यामानाने यांत्रिक झाली आहे.

व्यवहारात दोन गोष्टींसाठी ग्रिड उपयोगी. पहिली, क्षितिज. आकाशात ढग, रंग, पक्षी काही असेल तर क्षितिज खालच्या रेघेवर घ्या. आकाश नुसतं पांढरंफटक असेल तर वरच्या रेघेवर, किंवा त्याहूनही वर. दुसरी, माणसाची दिशा. माणूस उजवीकडे बघत असेल तर त्याला डाव्या उभ्या रेघेवर ठेवा, म्हणजे नजरेसमोर जागा राहते. जवळून घेतलेल्या चेहऱ्यात डोळे वरच्या आडव्या रेघेच्या आसपास आले की सहसा नीट बसतं. नवशिके डोळे फ्रेमच्या मधोमध ठेवतात आणि डोक्यावर रिकामी जागा उरते. फोकसचा चौकोन मध्यभागी असतो आणि चेहरा त्यात धरला जातो, हे त्याचं कारण. चेहऱ्यावर टॅप करून फोकस धरा आणि मग फ्रेम खाली घ्या.

सुवर्ण गुणोत्तराच्या (फ्रेम साधारण १ : १.६ अशी विभागण्याच्या) नादी सुरुवातीला लागू नका. तृतीयांशाची रेघ ३३ टक्क्यांवर, सुवर्ण गुणोत्तराची ३८ टक्क्यांवर. हातात धरलेल्या कॅमेऱ्यात हा फरक श्वास घेताना होणाऱ्या हालचालीत विरून जातो.

मधोमध कधी ठेवायचं? पाण्यातलं प्रतिबिंब, लांब बोळ, जिना, घुमट, थेट लेन्सकडे बघणारा चेहरा, आणि चौकोनी फ्रेम. मात्र सममिती धरायची तर पुरती धरा. जमिनीवर मधली फरशी किंवा रेघ शोधा, दोन्ही पाय तिच्या दोन बाजूंना ठेवा, दोन्ही कडांपाशी सारखंच अंतर उरलंय का मोजा. हातभर चुकलेली सममिती ही नुसती चूक दिसते.

रेषा, थर, आतली चौकट

रस्ता, कठडा, कुंपण, सावली या रेषा नजरेला ओढून नेतात, यात वाद नाही. पण रेषेच्या शेवटी काहीतरी हवं. रिकाम्या ठिकाणी संपणारी रेषा नजर बाहेर सोडून येते. रेषा बरोबर कोपऱ्यातून सुरू करू नका, कोपऱ्याच्या किंचित बाजूने घ्या. कोपऱ्यातून निघालेली रेषा फ्रेम दुभंगून टाकते.

दृश्याची खोली (डेप्थ) दाखवायची असेल तर थर लागतात: जवळचं काहीतरी, मधलं, लांबचं. जवळचा दगड किंवा गवत लेन्सपासून मीटरभरावर घ्या आणि कॅमेरा खाली आणा. फोनचा सेन्सर लहान असल्याने मीटरभरापासून क्षितिजापर्यंत जवळपास सगळं स्पष्ट येतं. फुल फ्रेम म्हणजे मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर हिशेब करावा लागतो: २४ मिलिमीटर लेन्स, अपर्चर एफ/११, फोकस साधारण १.८ मीटरवर, म्हणजे ०.९ मीटरपासून क्षितिजापर्यंत पुरेसं स्पष्ट. फोकस थेट क्षितिजावर धरला तर जवळचा दगड मऊ पडतो. नवख्यांचे निसर्गफोटो इथेच फसतात.

दार, खिडकी, कमान, फांद्या यांची आतली चौकट घेताना ती सब्जेक्टपेक्षा गडद असावी. उजळ चौकटीतला गडद सब्जेक्ट मागे पडतो.

नजर कुठे पळते

नजर सगळ्यात आधी चेहऱ्याकडे, मग अक्षरांकडे, मग सगळ्यात उजळ जागेकडे आणि भडक रंगाकडे जाते. क्रम थोडा इकडेतिकडे होतो, पण मागे पाटी असेल तर लोक ती वाचणारच. तपासायची सोपी रीत: डोळे अर्धवट मिटून स्क्रीनकडे बघा. जो डाग आधी जाणवतो तो तुमचा सब्जेक्ट आहे का? काढलेला फोटो उलटा करून बघितला तरी तेच कळतं. लार्ज फॉरमॅट म्हणजे मोठ्या फिल्मचा कॅमेरा वापरणाऱ्यांना त्याच्या मागच्या काचेवर दृश्य उलटंच दिसतं, आणि वस्तूऐवजी आकार बघायची सवय त्यांना आपसूक लागते.

एक सायकल, पायरीपायरीने

भिंतीला टेकवलेली सायकल, तिचं तोंड उजवीकडे. कलतं ऊन डावीकडून येतंय. पहिला फोटो सगळ्यांचा सारखाच येतो: ३ मीटरवरून, उभ्याने, फोनच्या मुख्य लेन्सने. सायकल मधोमध आणि छोटी, वर एक वायर, उजवीकडे अर्धी खिडकी, आणि वरून बघितल्यामुळे चाकं लंबगोल.

वाक्य ठरवू: 'सायकलच्या पुढे धावत गेलेली तिची सावली'. म्हणजे सावली पूर्ण हवी आणि खिडकीला काम नाही. आता १ मीटर मागे, २ पट लेन्स. भिंतीवर सुमारे पावणेतीन मीटर रुंदीची फ्रेम मिळते. सायकल पावणेदोन मीटरची, म्हणजे सावलीला मीटरभर जागा उरते. खाली बसून फोन चाकाच्या वरच्या कडेशी, साधारण ६५ सेंटीमीटरवर धरला. चाकं गोल झाली, वायर फ्रेमबाहेर गेली. फोन भिंतीला समांतर हवा. विटांच्या आडव्या रेषा ग्रिडच्या रेघेशी ताडून पाहा, एका बाजूला उतरत असतील तर त्या बाजूचा तुमचा खांदा मागेपुढे झालेला आहे. मागचं चाक डाव्या कडेपासून टीचभर आत, शिवलेलं नको. उजवीकडे सावलीचं टोक आणि कड यांत थोडी भिंत. खिडकीचा कोपरा अजून डोकावतोय? अर्धं पाऊल डावीकडे. एक्सपोजर (फोटोचा उजळपणा) किंचित खाली ओढलं की सावली काळी आणि भिंत रंगीत होते.

एवढ्यात सायकल हलली नाही, ग्रिडवरही काही मुद्दाम बसवलं नाही. तरी मागचं चाक डाव्या रेघेच्या आसपास येऊन बसतं.

क्रॉप करताना

क्रॉप करणं कमीपणाचं मानणारी एक परंपरा आहे आणि फ्रेंच फोटोग्राफर आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांचं नाव त्यात पहिलं घेतलं जातं. पण पॅरिसमधल्या सेंट-लाझार स्थानकामागे १९३२ साली त्यांनी काढलेला, पाण्यावरून झेपावणाऱ्या माणसाचा फोटो क्रॉप केलेलाच आहे. तेव्हा कापा, फक्त हिशेबाने. २४ मेगापिक्सेलचा ६०००×४००० फोटो लांबी-रुंदीत निम्मा केला की उरतात ६ मेगापिक्सेल. इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ३०००×२००० मधून १० इंच रुंद प्रिंट निघते, त्याहून मोठी नको. प्रिंटचं प्रमाणही आधी ठाऊक हवं. ८×१० इंच म्हणजे ४:५. ३:२ च्या फोटोची लांब बाजू त्यात एक षष्ठांश कापली जाते, आणि समूहाच्या फोटोत कडेचे दोघे जण अशानेच गायब होतात.

आठवडाभराचा सराव

न हलणारी एकच वस्तू निवडा: खुर्ची, कुंडी, किटली. दररोज तिचे १२ फोटो, त्यातले कुठलेही दोन एकाच जागेवरून नाहीत. पहिले चार फक्त उंची बदलून, पुढचे चार अंतर बदलून, शेवटचे चार वस्तूभोवती फिरून. झूम बंद, ग्रिड पहिले तीन दिवस बंद. रात्री बाराच्या बारा फोटो छोट्या थंबनेलमध्ये एकत्र बघा आणि प्रत्येकाची सगळ्यात मोठी एकच चूक शब्दांत लिहा: 'वरची कड', 'मागची खिडकी', 'वस्तू छोटी'. चौथ्या दिवशी यादीत सर्वाधिक वेळा आलेली चूक उचला आणि त्या दिवसाचे बारा फोटो फक्त ती टाळण्यासाठी काढा. यादीत 'कड' हा शब्द सहसा पुढे असतो.